विधेयकाच्या पाठीमागचा मुख्याध्यापक

विधिमंडळाच्या अधिवेशनात शिक्षणविषयक विधेयक येते तेव्हा वृत्तपत्रांत त्याच्या बहुधा दोनच बातम्या होतात. एक ते मांडले गेल्याची आणि दुसरी ते संमत झाल्याची. मधल्या काळात कोणते कलम गळाले, खर्चाचा भार कोणाच्या माथी गेला, नियम करण्याचे अधिकार कोणाच्या हाती राहिले आणि संमतीनंतर ते किती दिवस पडून राहिले, याचा हिशेब ठेवणारी माणसे थोडी असतात. सरकारी सेवेत असताना अधिवेशनाच्या दिवसांत अशा विधेयकांची टिपणे करण्याचे काम माझ्याकडे अनेकदा आले. विधेयकाचे भवितव्य सभागृहात जितके ठरते तितकेच सभागृहाबाहेरही ठरते, हे त्या कामाने शिकवले.

तमिळनाडूतील ताजे प्रकरण हेच सांगते. तेथील विधानसभेने संमत केलेली दहा विधेयके राज्यपालांच्या संमतीवाचून अडली होती. त्यांतील बहुतेक विधेयके विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या नियुक्तीशी निगडित होती. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने त्यांना संमती मिळाल्याचे मानले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना अशी मानीव संमती राज्यघटनेत बसत नाही, असा अभिप्राय दिला. त्यावर राजकीय चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र या निमित्ताने जुन्या तंजावर जिल्ह्यात जन्मलेल्या एका मुख्याध्यापकाचे स्मरण झाले. शिक्षणाचे एक विधेयक पडलेले त्यांनी पाहिले आणि ते ज्या कामासाठी होते ते काम पुढे आयुष्यभर सोडले नाही. त्यांचे नाव व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांनी जोपासलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरावर १८०३ मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास यांची माहिती आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. पण त्या राज्याबरोबर कावेरीकाठी गेलेल्या मराठी कुटुंबांनी पुढे देशाच्या कारभारात काय केले, याची चर्चा त्या मानाने कमी होते. शास्त्री यांच्या चरित्राशी जोडलेला एक धागा त्यातूनच निघतो.

कुंभकोणम येथे १८२८ मध्ये एका तंजावरी मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. सयाजीराव गायकवाड अल्पवयीन असताना १८७५ पासून बडोद्याचा कारभार त्यांच्याकडे होता. राज्य कसे चालवावे, यावर त्यांनी तरुण महाराजांपुढे व्याख्यानेही दिली. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. देशी राजाला जे जमते ते साम्राज्य सरकारला का जमू नये, हा प्रश्न गोपाळ कृष्ण गोखले यांना विचारता आला तो बडोद्याचा दाखला हाती होता म्हणून. आणि गोखल्यांच्या त्या प्रश्नामागे मद्रास इलाख्यात लोकमत उभे करण्यासाठी जे हिंडले, ते कुंभकोणमच्याच शाळा-कॉलेजात शिकलेले शास्त्री होते.

शास्त्री यांचा जन्म २२ सप्टेंबर १८६९ रोजी कुंभकोणमजवळच्या वलंगैमान या गावी झाला. जुना तंजावर जिल्हा १९९० च्या दशकात विभागला गेल्यामुळे हे गाव आज तिरुवारूर जिल्ह्यात मोडते. वडील वैदिक ब्राह्मण. पौरोहित्यावर घर चालायचे आणि घरात पैशाची ओढ असायची. कुंभकोणमच्या नेटिव्ह हायस्कुलात आणि नंतर कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी हे कॉलेज दक्षिणेचे केंब्रिज म्हणून ओळखले जाई. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही विषयांत शास्त्री पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. वकिली किंवा सरकारी नोकरी हा अशा पदवीधराचा ठरलेला मार्ग होता. शास्त्री यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला.

सेलमच्या म्युनिसिपल कॉलेजात काही काळ शिकवल्यावर ते मद्रासला आले आणि ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. भाषेच्या शुद्धतेविषयी ते विलक्षण काटेकोर होते, आणि पुढे ज्या इंग्रजी वक्तृत्वासाठी साम्राज्यभर त्यांची ख्याती झाली त्याची तालीम वर्गातल्या फळ्यासमोरच झाली. पण या वर्षांत त्यांनी आणखी एक गोष्ट जाणली. फी, पगार, इमारत आणि अनुदान यांचा मेळ बसला नाही, तर उत्तम शिक्षकाच्या हातूनही शाळा चालत नाही. १९०४ मध्ये ट्रिप्लिकेनमध्ये सहकारी भांडार स्थापन करणाऱ्यांत ते होते. देशातील आरंभीच्या सहकारी संस्थांत त्याची गणना होते. नित्य लागणाऱ्या वस्तूंचा हिशेब मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन ठेवावा, हा त्यामागचा साधा विचार होता. तत्त्व मोठे असले तरी ते हिशेबाच्या वहीत उतरले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्यात तेव्हापासूनच दिसते.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. समाजाच्या उद्दिष्टांचे पत्रक शास्त्री यांच्या हाती पडले आणि त्यांनी गोखल्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. १९०७ च्या आरंभी स्थिर नोकरी सोडून ते समाजात दाखल झाले. आयुष्यभर देशसेवेची शपथ आणि जेमतेम निर्वाहापुरते मानधन, अशा त्या समाजाच्या अटी होत्या. घरची जबाबदारी अंगावर असलेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने हे पाऊल उचलणे सोपे नव्हते. पुण्याच्या टेकडीवरच्या त्या वास्तूत नव्या सेवकाने काही वर्षे अभ्यास करावा, सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि जनगणनेचे आकडे वाचायला शिकावे, अशी गोखल्यांची शिस्त होती. भावनेच्या भरात बोलणाऱ्यापेक्षा आकडा तपासून बोलणारा कार्यकर्ता त्यांना हवा होता. शास्त्री त्या शिस्तीत तयार झाले.

गोखल्यांच्या विधेयकाची कथा येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याच्या दिशेने पाऊल टाकण्याविषयी ठराव मांडला. सरकारने विचाराचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाचे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि हारकोर्ट बटलर त्याचे पहिले सभासद झाले. पण सक्तीच्या बाबतीत काहीच हालेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी खासगी विधेयक मांडले. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार देशात शंभरांतले जेमतेम सहा जण साक्षर होते.

आज ते विधेयक वाचले तर त्याचा सावधपणा नजरेत भरतो. सक्ती एकदम देशभर येणार नव्हती. ज्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा बोर्डाच्या हद्दीत आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जात असतील, तेथेच ती लागू करता येणार होती. तीही स्थानिक संस्थेने स्वतः मागितल्यावर आणि सरकारने मान्यता दिल्यावर. वयोमर्यादा सहा ते दहा. आधी मुलगे, मुलींचा विचार नंतर. महिना दहा रुपयांहून अधिक उत्पन्न नसलेल्या पालकांना फी माफ. मुले शाळेत येतात की नाही हे पाहण्यासाठी स्थानिक समित्या, आणि हयगय करणाऱ्या पालकाला किरकोळ दंड. खर्चासाठी स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसवण्याची मुभा. एकूण खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी गोखल्यांची अपेक्षा होती. इंग्लंड आणि आयर्लंडमधील कायद्यांवरून त्याची आखणी केलेली होती.

मांडल्यानंतर हे विधेयक अभिप्रायासाठी प्रांतिक सरकारे, स्थानिक संस्था आणि विद्यापीठांकडे गेले. खरी कसोटी येथे होती. विधेयक फिरत असतानाच्या वर्षभरात कोण काय लिहून पाठवतो, यावर कायदेमंडळातील चर्चेचा पाया ठरणार होता. जनतेची मागणीच नाही, असे सरकारला म्हणता येऊ नये, यासाठी समाजाच्या सेवकांनी गावोगाव सभा घेतल्या. मद्रास इलाख्याचा भार शास्त्री यांच्यावर होता. वकील, जमीनदार, नगरपालिकांचे सभासद, शिक्षक अशा सर्वांना विधेयकाची कलमे समजावून सांगणे, आक्षेपांना उत्तरे देणे आणि त्यांना अनुकूल मत नोंदवायला लावणे, असे हे काम होते. शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला कलम आणि पोटकलम यांतला फरक सांगणे अवघड गेले नाही.

आक्षेप मात्र नानाविध होते. काहींना कराची भीती वाटत होती. शेतातले पोर शाळेत गेले तर गुरे कोण राखणार, असे जमीनदारांना वाटत होते. सक्तीचा बडगा पोलिसांच्या हाती गेला तर गरिबाचा छळ होईल, अशी शंकाही प्रामाणिक होती. सरकारला काळजी होती ती खर्चाची, आणि बोलून न दाखवलेल्या आणखी एका गोष्टीची: लिहिता-वाचता येणारी रयत अधिक प्रश्न विचारते. दिल्ली दरबारात डिसेंबर १९११ मध्ये लोकशिक्षणासाठी दरसाल पन्नास लाख रुपयांच्या वाढीव अनुदानाची घोषणा झाली आणि सक्तीऐवजी स्वेच्छेने प्रसार करू, हे सरकारचे उत्तर तयार झाले.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस कलकत्त्यात चर्चा झाली. विधेयक संमत करण्याचा प्रश्न त्या दिवशी नव्हताच. ते प्रवर समितीकडे पाठवावे एवढीच मागणी होती. मदन मोहन मालवीय आणि महंमद अली जिना यांनी पाठिंबा दिला. बटलर यांनी सरकारच्या वतीने विरोध केला. प्रांतिक सरकारे प्रतिकूल आहेत, स्थानिक संस्थांचा उत्साह नाही, पैसा नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. मते मोजली तेव्हा बाजूने तेरा आणि विरुद्ध अडतीस पडली. सरकारी सभासदांचे बहुमत असलेल्या त्या सभागृहात याहून वेगळे काही होणे शक्य नव्हते, आणि ते गोखल्यांना आधीपासून ठाऊक होते.

मग वर्षभराची पायपीट व्यर्थ गेली काय? मुलकी खात्याच्या दप्तरात वाढलेल्या माणसाला असे म्हणवत नाही. विधेयक पडले तरी त्याच्यावर आलेले अभिप्राय दप्तरी राहिले. कोणती नगरपालिका तयार होती, कोणत्या जिल्हा बोर्डाने कराला नकार दिला, कोणत्या कलमावर कोणाचा आक्षेप होता, याची देशव्यापी नोंद प्रथमच झाली. पुढे ज्याला कायदा करायचा असेल त्याच्यासाठी तो नकाशा होता. पराभूत विधेयकाची ही मिळकत बातमीत येत नाही.

१९१३ मध्ये शास्त्री यांची मद्रास कायदेमंडळावर नियुक्ती झाली. आता बाहेरून सभागृहाकडे पाहणारा माणूस आत आला होता. तेथे त्यांनी हाती घेतलेला एक प्रश्न वरवर शिक्षणाचा नव्हता. ब्राह्मण मुलींचे विवाह वयात येण्यापूर्वीच झाले पाहिजेत, हा दंडक त्या समाजात कडक होता आणि तंजावर जिल्हा त्या सनातनी मताचा बालेकिल्ला होता. वयात आल्यानंतर झालेला विवाहही कायद्याने वैध ठरावा, अशा आशयाचे विधेयक शास्त्री यांनी १९१४ मध्ये आणले. त्यावर गहजब झाला आणि ते संमत झाले नाही. पण त्याचा शिक्षणाशी संबंध उघड आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी शाळेत राहत नसे. गोखल्यांच्या विधेयकात मुली मागे ठेवल्या गेल्या होत्या, आणि त्या मागे का राहतात त्याच्या एका कारणाला शास्त्री यांनी हात घातला. तोही स्वतःच्याच जातीच्या घरातून. पुढे १९२९ मध्ये शारदा कायदा झाला तेव्हा देशाने त्या दिशेला पुढचे पाऊल टाकले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. भारत सेवक समाजाच्या अध्यक्षपदी शास्त्री यांची निवड झाली आणि १९२७ पर्यंत ते त्या पदावर राहिले. पुण्यात स्थापन झालेल्या, मराठी कार्यकर्त्यांचा भरणा असलेल्या संस्थेने एका तमिळ शिक्षकाला प्रमुख मानले, याचे आज प्रांताभिमानाच्या दिवसांत विशेष वाटावे. शास्त्री यांच्यानंतर ती जबाबदारी गोपाळ कृष्ण देवधर यांच्याकडे आली. १९१८ मध्ये समाजाने पुण्यातून इंग्रजी साप्ताहिक सुरू केले आणि त्याचे पहिले संपादक शास्त्रीच होते.

याच काळात गोखल्यांच्या विधेयकाचे बीज प्रांतांमध्ये रुजले. केंद्रात जे अडले ते विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नेले, आणि १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिला कायदा. पाठोपाठ १९१९ मध्ये पंजाब, संयुक्त प्रांत, बंगाल आणि बिहार-ओरिसा, आणि १९२० मध्ये मध्य प्रांत आणि मद्रास यांनी आपापले कायदे केले. मद्रासच्या कायद्याने जिल्हावार शिक्षण मंडळे निर्माण केली आणि स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसवण्याची वाट मोकळी केली. म्हणजे अडतीस विरुद्ध तेरा मतांनी ज्याला प्रवर समितीचे दारही उघडले नाही, त्याच कल्पनेला आठ वर्षांच्या आत देशाच्या बहुतेक मोठ्या प्रांतांत कायद्याचे रूप मिळाले.

येथे गौरवाला आवर घालून एक उणीव नोंदवली पाहिजे. या कायद्यांनी नगरपालिकांना सक्तीची मुभा दिली; मुलाला शाळेचा हक्क दिला नाही. पैशाअभावी अनेक ठिकाणी सक्ती कागदावरच राहिली. शिवाय तंजावरसारख्या जिल्ह्यात दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न होता. तेथील जमीन ज्यांच्या श्रमावर पिकत होती त्या आदिद्रविड शेतमजुरांच्या मुलांना गावच्या शाळेत बसू कोण देणार? शाळा अग्रहारात भरत असेल, तर त्या रस्त्यावरून चालण्याचीच त्या मुलांना मनाई होती. सक्तीच्या कायद्यात या मनाईवर उतारा नव्हता; त्यासाठी मद्रास सरकारला स्वतंत्र आदेश काढावे लागले आणि त्यांच्या अंमलासाठी दलित नेत्यांना झगडावे लागले. गोखले आणि शास्त्री यांच्या पिढीतल्या नेमस्तांनी खर्चाचा हिशेब बारकाईने मांडला, पण दारातल्या अडसराचा हिशेब त्या मानाने कमी मांडला. डिसेंबर १९१६ मध्ये मद्रासेत ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघाला आणि चार वर्षांत सत्ता जस्टिस पक्षाकडे गेली, त्यामागे शिक्षण आणि नोकऱ्या यांतील ही विषमताच होती.

शास्त्री यांचे पुढील आयुष्य बव्हंशी साम्राज्याच्या व्यासपीठावर गेले. १९१६ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले, आणि १९१९ मध्ये रौलट विधेयकाला विरोध करणारे त्यांचे भाषण गाजले. मात्र असहकाराच्या मार्गाशी त्यांचे पटले नाही आणि ते नेमस्तांच्या पक्षात राहिले. १९२१ मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलचे सभासद झाले. इंग्लंड, वॉशिंग्टन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा असा त्यांचा प्रवास झाला. सरकारच्या कह्यातला पाहुणा, अशी टीका त्यांनी पुष्कळ सोसली. ती सगळीच अन्याय्य होती असेही नाही. साम्राज्याच्या न्यायबुद्धीवर त्यांनी ठेवलेला विश्वास इतिहासाने खरा ठरवला नाही. गांधीजींशी त्यांचे मतभेद तीव्र होते, आणि स्नेह त्याहून गाढ. दोघेही गोखल्यांना गुरू मानत.

या साऱ्या धावपळीत मुख्याध्यापक जागा होता, हे दक्षिण आफ्रिकेत दिसले. १९२७ च्या केपटाऊन करारानंतर हिंदुस्थान सरकारचे तेथील पहिले प्रतिनिधी म्हणून शास्त्री गेले आणि १९२९ च्या आरंभापर्यंत राहिले. करारात तेथील हिंदी लोकांच्या उन्नतीविषयी एक कलम होते. अशी कलमे बहुधा शोभेची असतात. शास्त्री यांनी त्याला धरून नाताळ प्रांतातील हिंदी मुलांच्या शिक्षणाची चौकशी व्हावी असा आग्रह धरला. तिच्या मदतीला हिंदुस्थानातून के. पी. किचलू आणि कुमारी गॉर्डन हे शिक्षणतज्ज्ञ आले. या मुलांच्या नावाने प्रांताला मिळणारे केंद्राचे अनुदान पूर्णपणे त्यांच्यावर खर्च होत नाही, ही गोष्ट त्यातून पुढे आली. पैसे कोणाच्या नावाने येतात आणि कोणावर खर्च होतात, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना पुण्याच्या टेकडीवर लागली होती.

त्यापुढचे काम आणखी शिकण्याजोगे आहे. हिंदी मुलांसाठी माध्यमिक शिक्षणाची आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय व्हावी म्हणून डर्बनमध्ये एक संस्था उभारायची शास्त्री यांनी ठरवली. इमारतीचा निधी त्यांनी तेथील हिंदी रहिवाशांकडून जमवला, पण संस्था चालवण्याची जबाबदारी मात्र प्रांतिक सरकारच्या गळ्यात घातली. आरंभीचे शिक्षक हिंदुस्थानातून आले. १९२९ मध्ये ते विद्यालय सुरू झाले आणि त्याला शास्त्री कॉलेज हे नाव मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या कित्येक पिढ्यांचे शिक्षक, वकील आणि कार्यकर्ते तेथून बाहेर पडले. लोकांनी इमारत द्यावी आणि सरकारने दरसालचा खर्च उचलावा, ही वाटणी १९११ च्या विधेयकातल्या दोन वाटे आणि एक वाटा या हिशेबाची आठवण करून देते. विधेयक पडले होते. त्यातला हिशेब शास्त्री यांनी सोडला नव्हता.

१९३५ मध्ये ते चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९४० पर्यंत तेथे राहिले. हे विद्यापीठही मद्रास कायदेमंडळाच्या १९२८ च्या कायद्याने जन्माला आले होते. अण्णामलै चेट्टियार यांची देणगी आणि सरकारचा कायदा अशा दोन आधारांवर ते उभे राहिले. २०१३ च्या कायद्याने त्याचा कारभार राज्याने आपल्या हाती घेतला. कुलगुरूची नेमणूक कोणी करावी, या आजच्या वादात पक्षोपक्षांचे लोक अधिकारांवर बोलतात. त्या खुर्चीवर बसणारा माणूस वर्गातून आलेला असावा की नाही, यावर फारसे कोणी बोलत नाही.

उत्तरायुष्यात एका वादाने त्यांना गाठले. शास्त्रीय परिभाषेसाठी देशी भाषांत शब्द कसे घडवावेत, हे ठरवण्याकरिता १९४० मध्ये मद्रास सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. संस्कृतचा हा पंडित तमिळ शब्दांना न्याय देणार नाही, असा आक्षेप तमिळ विद्वानांनी आरंभीच घेतला. शिक्षणाच्या विधेयकात पैसा आणि प्रवेश यांच्याबरोबर भाषेचा प्रश्नही येतो, आणि तमिळनाडूत तो सर्वांत पुढे येतो. ज्या पिढीला संस्कृत आणि इंग्रजी या दोन खांबांवर ज्ञानाचा डोलारा उभा करता आला, तिला तिसऱ्या खांबाची, म्हणजे लोकभाषेची, मागणी उशिरा ऐकू आली. शास्त्री त्याला अपवाद नव्हते.

जानेवारी १९४६ मध्ये गांधीजी मद्रासला आले असता रुग्णशय्येवरील शास्त्री यांना भेटले. १७ एप्रिल १९४६ रोजी शास्त्री यांचे निधन झाले. स्वातंत्र्याला सोळा महिने अवकाश होता. राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले. ती मुदत १९६० मध्ये उलटली. २००२ मध्ये शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. गोखल्यांनी विधेयक मांडल्यापासून नव्याण्णव वर्षे लोटली होती.

या चरित्राकडे मी धोरणाचा विद्यार्थी म्हणून पाहतो तेव्हा तीन प्रश्न हाती लागतात. पैसा कोण देणार? सक्ती कोणावर, आणि दार कोणासाठी बंद? आणि विधेयकाची बातमी संपल्यावर त्याच्या मागे कोण उभा राहणार? पहिल्या प्रश्नावर शास्त्री आयुष्यभर जागरूक होते. दुसऱ्याचे अर्धे उत्तर त्यांनी शोधले. उरलेले अर्धे इतरांना झगडून मिळवावे लागले. तिसऱ्याचे उत्तर म्हणजे त्यांचे आयुष्यच.

आपल्याकडे विधिमंडळात येणाऱ्या विधेयकाला उद्देश व कारणांचे निवेदन जोडलेले असते. खर्चाचा प्रश्न असेल तर वित्तीय ज्ञापन असते. नियम करण्याचे अधिकार शासनाकडे सोपवले जात असतील तर त्याचेही ज्ञापन असते. बातमीत निवेदन येते, ज्ञापने येत नाहीत. पुढच्या अधिवेशनात शिक्षणाचे एखादे विधेयक मांडले गेले, तर वाचकांनी आपल्या आमदाराकडे त्याची प्रत मागावी आणि शेवटच्या पानावरून वाचायला सुरुवात करावी. खर्च किती, तो कोणत्या लेखाशीर्षाखाली, आणि नियम किती महिन्यांत होणार, हे विचारावे. उत्तर आले नाही तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारावे. ट्रिप्लिकेनच्या मुख्याध्यापकाने १९११ मध्ये मद्रास इलाख्यात फिरून लोकांना बहुतांशी हेच शिकवले होते.